मूठ जैनबीची

अव्वा, पहिल्यांदा अक्षराची माफी मागते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी माझं अक्षर वाईट आहे हे तुम्ही लांबूनच ओळखायचात. बिलावर मी भांड्यांची नावं लिहिली की म्हणायचात, “मुंग्या शाईत बुडून पळाल्यागत दिसतंय.” ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर माझी वही तपासायला कुणी हातात घेतली नाही. तेव्हा चुका असतील, त्याची माफी. पण माफी तेवढ्याचीच. पुढं जे लिहिणार आहे त्याची मागणार नाही.

तुमच्यासमोर मला कधी सलग चार वाक्यं बोलता आली नाहीत. सोळा वर्षं तुमची सून म्हणून या घरात आहे. माझं बोलणं निम्म्यावर आलं की उरलेलं तुम्हीच बोलून टाकायचात आणि वर त्याचं उत्तरही तुम्हीच द्यायचात. आता तसं करता येणार नाही. दुकानाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत आणि हे वळसंगच्या बाजाराला भांडी घेऊन गेले आहेत. मी सगळं सांगते, तुम्ही सुम्म बसा. तुमचाच कानडी शब्द. सोळा वर्षं मी तो ऐकून गप्प बसले, आज एकदा तुम्ही बसा.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवूनच नेलं. मांडी घातलेली, कपाळभर विभूती, डाव्या हातात इष्टलिंग. गल्लीतल्या बायका रडत होत्या. मला मात्र तुम्ही तराजूपुढं बसल्यासारख्याच दिसत होतात. उजवा हात मांडीवर उताणा होता. वाटलं, आता म्हणाल, “नीले, अर्ध्या किलोचं वजन दे.” माझा हात खरंच उचलला गेला होता.

लोक येतात आणि तुमच्या तराजूचं कौतुक करतात. मंगळवार पेठेत असा काटा दुसरा नाही, म्हणतात. मी चहा देते आणि मान हलवते. कौतुक खरंच आहे. पण त्या तराजूशी माझं भांडण होतं. ते तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तीन वर्षं आपण दोघींनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

दुष्काळाच्या सालापासून सांगते. त्या वर्षी आपल्या दुकानात नवं भांडं घेणारा कुणी येत नव्हता, मोड घालणारेच येत. घागरी, पराती, लग्नातले हंडे, सगळं जुनं पितळ तोलून घ्यायचं आणि पोती भरून भट्टीवर पाठवायची. मोडीत तुमचा एक कायदा होता. भांड्याला लाकडी मूठ असली किंवा आत लाख भरलेली असली की तेवढं वजन सगळेच दुकानदार वजा करतात. पण बाकीच्यांकडं ते लाकूड, ती लाख पोत्यातच जाते. तुम्ही ते हातोडीनं काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचात. लाकडाचा ढलपा असला तरी द्यायचात. कुणी म्हणालं, असू द्या हो, काय करू याचं, तर तुम्ही म्हणायचात, “चुलीत घाल. ज्याचं वजन धरलं न्हाय ते माजं न्हाय.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

जैनबी त्याच वर्षी आली. साठीच्या पुढची, हाडकुळी. तिचा नवरा मिलमधल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. साहेब विलायतेला गेला, मग नवराही वारला, आणि आता खोलीचं भाडं भरायला ती बंगल्यातून मिळालेली एकेक वस्तू विकत होती. त्या दिवशी तिनं मेणबत्तीची दोन पितळी घरं आणली आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं ते चाक.

चाक म्हणजे तळहाताएवढं, काळपट तपकिरी, पितळ असेल असं वाटणारही नाही. खाली केळीच्या पानाच्या टोकासारखी वाकलेली पट्टी. एका अंगाला बोराएवढी पांढरी मूठ. तुम्ही मूठ धरून एकदा फिरवलं. एका बाजूनं मुकाट फिरलं, दुसऱ्या बाजूनं कर्र वाजलं. पाचशे चाळीस ग्रॅम भरलं. तुम्ही म्हणालात, “मूठ हाडाची हाय. चाळीस वजा.” मग अर्ध्या किलोचे सहा रुपये झाले. मूठ काढायला तुम्ही हातोडी उचललीत, तेव्हा जैनबीनं पटकन चाकावर हात ठेवला.

“नको माँ, ठोको नको. टूट जाता वो.”

तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. म्हणालात, “बरं. पर मूठ तुजी हाय. सवडीनं काडून ठेवती. कवाबी ये आन् घेऊन जा.”

अव्वा, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तुमच्या मागं बसून बिल लिहीत होते.

जैनबी मूठ न्यायला आली नाही. आणि तुम्ही ते चाक पोत्यात टाकलं नाही, कारण तुम्हाला त्याचं फिरणं आवडलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मांडीवर घेऊन गरगर फिरवत बसायचात. कशाचं चाक असेल यावर आठवडाभर चर्चा. यांनी सांगितलं, फोटोच्या फितीचं असणार. शेजारच्या नरसय्या विणकराला दाखवलं. त्यानं डोळ्याजवळ नेऊन, कानाजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाला, कांडी भरायचं नाही, मागाचं नाही, एवढं मऊ फिरणारं चाक गरिबाच्या धंद्यातलं नसतंय. तुम्हाला तो टोमणा वाटला. शेवटी तुम्हीच ठरवलंत, कशाचं का असेना, वातीचा दोरा गुंडाळायला नामी आहे. श्रावण तोंडावर होता. महादेवापुढच्या वातींचा सगळा दोरा त्या चाकावर चढला आणि चाक देवघरात फळीवर गेलं.

देवघरात गेलं म्हणजे ते घासायचं काम माझं. चिंच आणि राख घेऊन मी बसले. काळेपणा जाता जाईना. चार सोमवार घासलं तेव्हा कुठं आतलं पितळ वर आलं. तुम्ही उन्हात धरून पाहिलंत आणि म्हणालात, “सोन्यागत काडलीस की.” सोळा वर्षांत माझ्या कामाला एवढं तुम्ही एकदाच म्हणालात, आणि ते नेमकं त्या कामाला.

काळेपणा गेल्यावर चाकाच्या पाठीवर अक्षरं दिसू लागली. अंड्याच्या आकाराची रेघ आणि आत बारीक इंग्रजी. मला इंग्रजी येत नाही. पण लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, मग राजाचं तोंड कागदावर उमटायचं. तसंच केलं. अक्षरं कागदावर आली. काय लिहिलं आहे ते कळेना, पण कुणीतरी इतक्या निगुतीनं कोरलं आहे म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं असणार, एवढं मला कळलं. कागद महिनाभर माझ्या चोळीत फिरला.

मिलचे निवृत्त हेडक्लार्क आपल्याकडं पितळ देऊन स्टीलचे डबे न्यायला आले, त्या दिवशी मी तो कागद सुट्ट्या पैशांखाली ठेवून त्यांच्यापुढं सरकवला. तोंडानं विचारायचं धाडस नव्हतंच. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि म्हणाले, “हे कुठून उतरवलंत? वस्तू आहे का?” मी देवघरातून चाक आणलं, दोऱ्यासकट. ते बघून ते इतके हसले की डबे खाली ठेवावे लागले.

“अहो, हे मासे धरायच्या काठीचं चाक आहे. रीळ म्हणतात याला. साहेब दर रविवारी हिप्परग्याच्या तळ्यावर बसायचे हे घेऊन.”

तुमचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, “ह्याला मासा लागला होता का?”

“शेकडो लागले असतील,” ते म्हणाले.

त्या दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा अंघोळ केलीत. देवघर तीनदा धुवून काढायला लावलंत. दोरा रस्त्यावर फेकलात. इतके दिवस महादेवाला कुठल्या वातींचा उजेड दिला म्हणून कपाळ बडवून घेतलंत. हेडक्लार्क जाता जाता सांगत होते, वस्तू जुनी दिसते, किमतीची असू शकते, माझ्या मेहुण्याच्या ओळखीचे पुण्यात एक मेजर आहेत, त्यांना जुनी रिळं जमवायचा नाद आहे, हा कागद पाठवून बघतो. तुम्ही ऐकतच नव्हता. यांना सांगितलंत, उद्या भट्टीवर पोतं जाईल त्यात हे टाक, माझ्या डोळ्यांपुढं नको. चाक पोत्यात गेलं.

सकाळी तुम्ही पूजेत होता तेव्हा मी ते पोत्यातून काढून कणगीत ज्वारीखाली पुरलं. या घरात मी केलेली ती पहिली चोरी. किमतीसाठी केली असं तुम्हाला पुढं वाटलं. देवाशपथ सांगते, किमतीचा विचार माझ्या मनातही नव्हता. मूठ भट्टीत जळाली असती, आणि मूठ आपली नव्हती. एवढंच होतं मनात.

महिन्यानं मेजरसाहेब स्वतः आले. हेडक्लार्कनी त्यांना आपल्या दुकानात आणून बसवलं. तुम्ही म्हणालात, चाक कधीच भट्टीत गेलं. मी आत गेले आणि ज्वारीच्या धुळीनं माखलेलं ते चाक आणून त्यांच्यापुढं ठेवलं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत.

मेजरसाहेबांनी लगेच हात लावला नाही. आधी खिशातून पांढरा रुमाल काढून पसरला, त्यावर चाक ठेवलं. मग भिंग लावून प्रत्येक स्क्रूची खाच पाहिली. म्हणाले, कुणी उघडलेलं नाही, खाचा नव्यासारख्या आहेत, हे चांगलं. मग मूठ धरून अगदी सावकाश फिरवलं आणि डोळे मिटून ऐकलं, नाडी बघतात तसं. नाण्यानं एक टोपण फिरवून उघडलं तर आत सायकलच्या चाकात असतात तसे बारीक छर्रे, गोल खाचेत ओळीनं बसलेले. ते त्यांनी मोजले. एकही कमी नव्हता. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की कारखान्यानं असं चाक पहिल्यांदा काढलं तेव्हा छर्रे असे उघडे असायचे, नंतर ते डबीत बंद करू लागले. आणि शिक्क्यात कारखान्याचं नाव आहे, गाव आहे, पण सरकारी नोंदीचा नंबर नाही. नंबर मिळायच्या आधी जी थोडी चाकं बनली, त्यांतलं हे.

“म्हंजे नंबर न्हाय म्हणून भाव कमी,” तुम्ही म्हणालात. धंदा तो धंदा.

“नंबर नाही म्हणूनच भाव जास्त, बाई,” ते म्हणाले. तुम्हाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. बिनशिक्क्याच्या तांब्याला जास्त पैसे देणारा माणूस तुम्ही पहिल्यांदाच बघत होता.

मग त्यांनी विचारलं, हे घासलं कुणी. तुम्ही अभिमानानं माझ्याकडं बोट केलंत. मग मला म्हणाले, तो काळपट रंग मळ नव्हता. कारखान्यातून तो तसाच चढवून यायचा, पाण्यावर ऊन चमकून मासा बुजू नये म्हणून. तो असता तर आणखी पाचशे रुपये दिले असते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चार सोमवार घासून मी पाचशे रुपये राखेत घातले होते.

आणि तुम्ही, अव्वा, तुम्ही ताठ बसून त्या लष्करातल्या माणसाला सांगितलंत, “मळकं ठेवायचं असतं तर हिच्या हातात दिलं नसतं. आमच्या घरात पितळ असंच असतंय. घ्यायचं तर घ्या.”

हे मी विसरणार नाही. तुमच्यावर कितीही राग आला तरी हे आठवून अर्धा राग जातो. अर्धाच.

ते चौदाशेपासून सुरू झाले. माशाच्या चाकाला हात लावणार नाही म्हणून तुम्ही बोटांना पदर गुंडाळून बसला होता, पण भाव मात्र दोनशेनं वर चढवलात. सोळाशेला ठरलं. पैसे मोजताना मेजरसाहेबांनी ती पांढरी मूठ अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, “हाड नाही हे, हस्तिदंत आहे. एवढ्या वर्षांत याला बहुतेक चीर जाते. ही अखंड आहे म्हणून सोळाशे. फुटकी असती तर आठशेच्या वर एक रुपया दिला नसता.”

म्हणजे आठशेचं चाक आणि आठशेची मूठ. चौथी शिकलेलीला एवढी वजाबाकी येते.

त्या संध्याकाळी तुम्ही भाकरी थापत होता, मी काटवटीत पीठ घेत होते. माझं धाडस कुठून आलं मला माहीत नाही. मी म्हणाले, “अव्वा, मूठ जैनबीची आहे.”

तुमचा हात थांबला. “काय म्हनलीस?”

“वजा धरलेली. तुम्ही म्हणाला होता, कधीही ये आणि घेऊन जा.”

मग तुम्ही जे बोललात ते सगळं मला पाठ आहे. म्हणालात, वळसंगच्या एका माणसानं घागरीच्या बुडात शिसं ओतून ती मला विकली, मी त्याच्या दारात गेले का पैसे मागायला? गेले नाही. फसले ते माझ्या डोळ्यांनी फसले. तसंच तिचं. तराजू उठला की व्यवहार उठला. मागनं भाव वाढला म्हणून वाटत बसलं तर उद्या दुकानाला कुलूप लावून भीक मागायची पाळी येईल. आणि हाडाच्या तुकड्याचे आठशे द्यायचे तर ही पोरगी उद्या घरही देऊन टाकील. “हुच्ची,” म्हणालात. वेडी. “सुम्म बस.”

मी सुम्म बसले. आठ दिवसांत त्या सोळाशेचं स्टील आलं. तुम्हाला स्टीलचा राग होता, वाजतं फुकट आणि मोडीत कवडी येत नाही म्हणायचात, पण लोक मागत होते. नवी फळी लागली, डबे चकाकू लागले. मी रोज सकाळी त्या फळीवरची धूळ पुसायचे आणि मला त्यात जैनबीची मूठ दिसायची.

उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. तीन वर्षं घोळवून आता आलं आहे, ते ऐका. शिसं तुम्ही तोलून घेतलं होतं. आंधळेपणानं का असेना, तोलून, पैसे मोजून घेतलं होतं. मूठ तुम्ही तोललीच नाही. चाळीस ग्रॅम वजा केलेत, आणि ती मूठ दहा ग्रॅमचीसुद्धा नव्हती. चाकाचा भाव वाढला तो आपल्या नशिबाचा, तो मी कधी मागितला नाही. पण मूठ तुमच्या तराजूत कधी बसलीच नव्हती, तर तराजू उठला म्हणून ती तुमची कशी झाली? तुमच्याच कायद्यानं सांगते. ज्याचं वजन धरलं नाही ते आपलं नाही. पन्नास वर्षं लाकडाचे ढलपे परत केलेत आणि हस्तिदंत ठेवून घेतलंत.

बोला आता.

मी शेंगांची चटणी कुटून विकायला लागले तेव्हा तुम्ही शेजारणीला म्हणालात, नीलेला बांगड्यांचा नाद लागलेला दिसतो. मी नाही म्हटलं नाही. कोपऱ्यावरची खानावळ दर आठवड्याला चटणी घ्यायची. दाण्यांचे, मिरचीचे पैसे जाऊन महिन्याला वीस-बावीस रुपये उरत.

पहिले वीस घेऊन मी जैनबीच्या खोलीवर गेले, मिलच्या मागच्या चाळीत. दारात उभी राहून नोटा पुढं केल्या. तिनं नोटा पाहिल्या आणि दार लावायला लागली. “खैरात नको मेरेकू. भाडा देती मैं, भीक नै मांगती.” मी दारात पाय घातला, अव्वा. मी. तुमची मुकी सून. आणि आयुष्यात बोलले नव्हते इतकं एका दमात बोलले. चाक कसं विकलं, कितीला विकलं, मुठीचे किती, सगळं. खैरात नाही, तुमची मूठ आहे, आमच्याकडं राहिलेली. तिनं दारावरचा हात काढला. मग आत घेतलं.

तिनं सांगितलं की साहेब जाताना तिच्या नवऱ्याला म्हणाला होता, हे सांभाळ, याला पाणी लावू नकोस, तेल लाव. नवरा दर ईदला फडक्यानं तेल लावायचा. मासे मात्र त्यानं त्या चाकावर एकदाही धरले नाहीत, साहेबाची चीज म्हणून. मी चिंच-राखेचं सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून हसली. म्हणाली, तुम्हारे यहाँ का देव भी रोज घिसता होएगा.

तिला आकडे येत नव्हते. मी वीस-वीसचे चाळीस हप्ते सांगितले. तिनं डब्यातून चाळीस चिंचोके मोजून वाटीत ठेवले. दर महिन्याला वीस दिले की एक चिंचोका काढायचा. फेकायला तिचं मन होईना, म्हणून चुलीच्या निखाऱ्यावर भाजायची. तिला दात नव्हते, त्यामुळं फिटलेला चिंचोका दर वेळी मलाच चावावा लागायचा. घरी येईपर्यंत दाढ दुखायची.

दुसऱ्या वर्षी यांना कळलं. रागावले. कायद्यानं एक पैसा लागत नाही, म्हणाले, वकिलाला विचार. मी म्हणाले, “वकिलाच्या कायद्यानं नाही. अव्वांच्या कायद्यानं लागतो.” त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. तुम्हाला त्यांनीच सांगितलं असणार.

कारण तुम्हाला ठाऊक होतं. जायच्या नऊ दिवस आधी मी काढा घेऊन आले, तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होता. वळलाही नाहीत. तसंच विचारलंत, “म्हातारीचं किती राहिलं?”

मी म्हणाले, “काढा घ्या, गार होतोय.”

पुन्हा विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. बारा दिवस तेच डोक्यात आहे. लोकांना वाटतं मी तुमच्यासाठी रडते. मी त्या उत्तरासाठी रडते. तीनच चिंचोके राहिले होते. साठ रुपये. सांगायला काय झालं होतं मला?

खरं सांगू? मला भीती वाटली. तुम्ही थांबवाल याची नाही. तुम्ही उशाखालून साठ रुपये काढून द्याल याची. मग ते सगळं तुमचं झालं असतं. गल्लीत लोक म्हणाले असते, शेवटी अव्वांनी कायदा पाळला. आणि माझे सदतीस चिंचोके तुमच्या तीनखाली झाकले गेले असते. माझ्या आयुष्यात माझं म्हणून एवढंच होतं. ते मला तुम्हाला द्यायचं नव्हतं. वाईट म्हणा मला. त्याची माफी मागणार नाही, हे वरच लिहिलं आहे.

पण तुम्ही विचारलंत. तीन वर्षं गप्प बसून शेवटी विचारलंत. हिशेब विचारतो तो माणूस मनातून देणं कबूल करतो, हे मला तुमच्याकडं तराजूपाशी बसूनच कळलेलं आहे. तुमचं तोंड भिंतीकडं होतं म्हणून काय झालं.

काल खानावळीतून चटणीचे थकलेले पैसे आले. मी तशीच चाळीत गेले. जैनबीला तुमचं सांगितलं. तिनं तोंडातल्या तोंडात दुवा म्हटली. मग म्हणाली, “तेरी सास बोली थी, कवा बी आ. मैंच नै आयी. उसका बोल झूठा नै था.” तुमच्या बाजूनं एवढं बोलणारं कुणी असलं तर असू दे.

साठ रुपये तिच्या हातात ठेवले. तिनं वाटीतले शेवटचे तीन चिंचोके निखाऱ्यावर टाकले आणि ते तडतडेपर्यंत आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. तिन्ही मी खाल्ले. एक दाढ दुखते आहे अजून.

अव्वा, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर देते. आठशेच्या आठशे फिटले. म्हातारीचं काही राहिलं नाही.